मागेपुढे पडणारं घड्याळ : जैविक लयीच्या शोधाची पार्श्वभूमी

लाजाळूची पानं तिन्हीसांजेला मिटतात आणि उजाडलं की उघडतात. हे सूर्य घडवतो की झाड, हे फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी 1729 मध्ये तपासलं. रोप (बहुधा लाजाळूचंच) अंधारात ठेवलं, तरी पानांची उघडमीट सुरूच राहिली. त्यांनी अर्थ मात्र असा लावला, की झाडाला न पाहताही सूर्याची चाहूल लागते. प्रयोगात फटही होती. उजेड अडवला होता, तापमानातला चढउतार नव्हे. तीस वर्षांनी द्युआमेल यांनी एकसारख्या तापमानाच्या भुयारात रोपं नेऊन ही फट बुजवली.

तरी बाहेरून एखादा न कळलेला इशारा येत असेल, ही शंका उरलीच. तिला उत्तर दिलं एका न जुळणाऱ्या आकड्यानं. अखंड उजेडात ठेवलेल्या लाजाळूचं चक्र 22 ते 23 तासांत पुरं होतं, असं द कांदोल यांनी 1832 मध्ये नोंदवलं. पृथ्वीचा फेरा 24 तासांचा. झाड रोज तास-दोन तास पुढे पळत असेल, तर वेळ बाहेरून येतेय कुठे? घड्याळ चुकतं, म्हणूनच ते आतलं.

पुढे कोनोप्का आणि बेन्झर यांनी चुकीच्या घड्याळाच्या फळमाश्याच शोधून काढल्या. माश्या कोशातून बाहेर पडतात त्या साधारण पहाटे. भलत्या वेळी निघणाऱ्या माश्या त्यांनी वेगळ्या केल्या. 1971 मध्ये हाती तीन वाण होते: 19 तासांचा, 28 तासांचा आणि लयच नसलेला. तिन्हींतला बिघाड एकाच जनुकात, पीरियडमध्ये. 1984 मध्ये हॉल व रॉसबॅश यांनी आणि स्वतंत्रपणे यंग यांनी ते वेगळं केलं. 2017 चं नोबेल या तिघांना मिळालं.

यंत्रणेची सगळी मेख उशिरात आहे. पीरियडचं प्रथिन तयार होतं, पण एकटं असताना डबलटाइम हे विकर त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि ते मोडीत निघतं. म्हणून साठा व्हायला कित्येक तास जातात. टाइमलेस हा जोडीदार मिळाला की ते टिकतं, रात्री केंद्रकात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाला गप्प करतं. नवा पुरवठा थांबतो, जुनं प्रथिन संपतं, जनुक पुन्हा मोकळं. हा उशीर नसता, तर प्रथिनाची पातळी एका जागी स्थिरावली असती आणि लय उरलीच नसती. उजेड टाइमलेसला नष्ट करतो. त्यामुळे रोज उजाडताना काटे जुळतात.

माणसाचं आतलं चक्र सरासरी 24 तास 11 मिनिटांचं. उजेडानं ते दुरुस्त झालं नाही, तर पाच-सहा दिवसांत तासाभराचा फरक पडतो. पूर्ण दृष्टिहीन असलेल्या अनेकांची झोप अशीच सरकत जाते. उलट प्रकारही आहे. संध्याकाळी साडेसातलाच डोळे मिटणारं आणि पहाटे साडेचारला जागं होणारं एक कुटुंब अमेरिकेत आढळलं. 2001 मध्ये त्यांच्यातला दोष सापडला तो माणसातल्या पीरियड-2 या जनुकात, आणि तोही फॉस्फेट चिकटतो नेमक्या त्याच जागी.