फुलपाखरांची मांडणी आणि चौकटबंदी

मृत फुलपाखरू मऊ करून, त्याचे पंख ठरावीक कोनात पसरून, वाळवून काचेच्या चौकटीत बसवण्याची पद्धत. संग्रहालयातला अभ्याससंग्रह असो की दिवाणखान्यातली शोभेची चौकट, शेवटचा टप्पा सोडला तर काम तेच असते. फुलपाखरात कसलेही रसायन भरावे लागत नाही. त्याचे कायटिनचे (कीटकांच्या अंगावरच्या कडक पदार्थाचे) बाह्यकवच कोरडे राहिले की शतकानुशतके टिकते. केंब्रिजशायरमध्ये १७०२ साली पकडलेले बाथ व्हाइट जातीचे एक फुलपाखरू ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही टाचणीवर आहे. सगळे कौशल्य ओलाव्याचे आहे : पंख हलवण्यापुरता तो आत घालायचा, मग पूर्ण काढायचा आणि पुन्हा शिरू द्यायचा नाही. कोकणच्या पावसाळ्यात यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड जातो.

मऊ करणे : वाळलेले फुलपाखरू त्रिकोणी घडीच्या कागदी पाकिटात, पंख मिटलेल्या अवस्थेत ठेवलेले असते. तसेच पंख उघडायला गेल्यास ते मुळाशी तुटतात. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी दोन सेंटिमीटर धुतलेली वाळू पसरून ती उकळून गार केलेल्या पाण्याने ओली करावी. वर प्लॅस्टिकची जाळी ठेवून तिच्यावर फुलपाखरू ठेवावे. झाकणाच्या आतून टिपकागद लावणे विसरू नये. झाकणावर जमलेला थेंब पंखावर पडला तर कायमचा डाग राहतो. बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर ओव्याचे फूल वाळूत टाकावे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे हे स्फटिक म्हणजेच संग्रहालयात वापरतात ते थायमॉल.

लहान निळ्या फुलपाखरांना (ब्लूज) बारा ते चोवीस तास पुरतात, प्लेन टायगरएवढ्याला दीड दिवस, ब्लू मॉरमॉनसारख्या मोठ्याला दोन-तीन दिवस. चिमट्याने पंख मुळाशी हलके दाबून पाहावा. न अडखळता हलला तर तयार. चौथ्या दिवसानंतर वाट पाहण्यात अर्थ नाही, उदर कुजू लागते. घाई असेल तर वक्षात (छातीच्या भागात) बारीक सुईने गरम पाण्याचे एक-दोन थेंब टोचतात. मून मॉथसारख्या फिक्या हिरव्या पतंगांचा रंग ओलाव्याने उतरतो, म्हणून त्यांना कमीत कमी वेळ डब्यात ठेवावे. ताजे फुलपाखरूही मेल्यावर काही तासांत ताठरते. ओलसर डब्यात एक दिवस ठेवले की सैल होते.

टाचणी आणि पाटी : कीटक-टाचणी साधारण ३८ ते ४० मिलिमीटर लांब असते. तिची जाडी क्रमांकाने सांगतात; फुलपाखरांना क्रमांक २ किंवा ३ योग्य. स्टेनलेस स्टीलची घेतल्यास पुढची कटकट वाचते. पितळेच्या टाचणीवर शरीरातल्या चरबीमुळे हिरवा थर चढतो आणि तो फुगून वक्ष फोडतो. शिवणकामाची टाचणी गंजते, शिवाय जाडही असते. टाचणी वक्षाच्या बरोबर मध्यातून, सर्व बाजूंनी सरळ उभी घुसवावी आणि पाठीवर दहा-बारा मिलिमीटर मोकळी ठेवावी. ती जरा तिरकी गेली तरी पंखांची पातळी दोन बाजूंना वेगळी होते. ही चूक नंतर सुधारत नाही.

पंख पसरण्याच्या पाटीला मध्ये खोबण असते. तिची रुंदी शरीरापेक्षा किंचित जास्त : लहान जातींना ३, मध्यम जातींना ६, मोठ्यांना ८ ते १० मिलिमीटर. घरी थर्मोकोलची पाटी करता येते, पण टाचणी खाली टेबलावर टेकू नये म्हणून जाडी किमान ३० मिलिमीटर हवी. पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवावा, नाहीतर खरखरीत थर्मोकोल पंखांचे खवले खरवडतो. हे खवले म्हणजेच पंखांचा रंग. बोटाने पंख धरायचा नाही तो याचमुळे.

पंख पसरणे : शरीर खोबणीत असे उतरवावे की पंखांची मुळे पाटीच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतील. ती वर राहिली तर वाळल्यावर पंख खाली वाकतात, खोल गेली तर वर उचलतात. दोन्ही बाजूंना शरीरालगत ट्रेसिंग पेपरची अरुंद पट्टी पंखावर ठेवून तिच्या वरच्या टोकाला टाचणी लावावी. मग क्रमांक ००० ची बारीक टाचणी पुढच्या पंखाच्या जाड शिरेमागे अडकवून पंख वर सरकवावा. टाचणी शिरेला टेकली पाहिजे, पातळ पडद्याला टेकली तर फाडत जाते. दोन्ही पुढच्या पंखांच्या मागच्या कडा एका सरळ रेषेत आणि शरीराशी काटकोनात आल्या की थांबावे. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळण्यापेक्षा डावी-उजवी थोडी थोडी सरकवावी, कारण एका बाजूच्या ताणाने शरीर खोबणीत फिरते. मागचे पंख पुढच्यांच्या कडेखाली जाऊन मध्ये लहान खाच उरेल इतके वर घ्यावेत. आता रुंद पट्टीने पूर्ण पंख झाकून टाचण्या पंखाच्या कडेबाहेर, बाहेरच्या बाजूला कललेल्या लावाव्यात. पंखातून एकही टाचणी जात नाही. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) इंग्रजी व्हीच्या आकारात टाचण्यांनी रोखाव्यात आणि लोंबणाऱ्या उदराखाली दोन टाचण्यांची फुली करून आधार द्यावा.

वाळवणे : कोरड्या हवेत लहान फुलपाखराला एक आठवडा, मोठ्याला दोन ते तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात हा हिशेब चालत नाही. ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या उबदार पेटीत किंवा सिलिका जेलच्या बंद डब्यात पाटी ठेवावी. उदराला सुईने हलके ढकलून पाहावे : ते वाकले तर आत ओल आहे, पूर्ण शरीर एकसंध हलले तर वाळले. लवकर काढलेल्या फुलपाखराचे पंख महिनाभरात लोंबतात किंवा वर मिटतात. बहुतेक बिघडलेल्या चौकटींचे मूळ या एका उतावीळपणात असते. या दिवसांत पाटीला मुंग्या लागू देऊ नयेत. एका रात्रीत उदरे पोकळ होतात.

काही फुलपाखरांच्या, विशेषतः पतंगांच्या, उदरातली चरबी झिरपून पंख तेलकट आणि काळपट दिसतात. असा नमुना पूर्ण वाळल्यावर ॲसिटोनमध्ये एक दिवस बुडवून ठेवला की चरबी निघते आणि सुकल्यावर खवले पुन्हा मोकळे होतात. काम हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर करावे.

चौकट : आत नेण्याआधी नमुना हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे गोठवावा, म्हणजे वाळलेले कीटक खाणाऱ्या ॲन्थ्रेनस भुंगेऱ्यांची अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये. थंड पंखांवर बाष्प जमते. चौकटीतल्या फुलपाखराखाली तपकिरी भुकटी दिसू लागली तर अळी आत आहे असे समजून पुन्हा गोठवावे. डांबरगोळी कीड येऊ नये म्हणून उपयोगी, पण थर्मोकोलला टेकू देऊ नये. तिच्यातल्या नॅप्थॅलिनने किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनने थर्मोकोल विरघळतो.

पूर्ण टाचणीसह बसवायचे तर चौकटीची आतली खोली ४५ ते ५० मिलिमीटर लागते. टाचणी वरखाली कापून वक्ष डिंकाच्या थेंबाने चिकटवल्यास २५ ते ३० पुरते, पण असा नमुना पुन्हा अभ्यासाला काढणे कठीण होते. पाठीला आम्लमुक्त माउंट बोर्ड घ्यावा. एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीतून) आम्लधर्मी वाफा निघतात, म्हणून त्याच्यावर आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात. ॲक्रिलिकपेक्षा काच बरी, कारण ॲक्रिलिक पुसताना निर्माण होणारी स्थिर विद्युत खवले ओढून घेते. फ्रेमवाला पाठ बसवताना खिळे ठोकतो; त्या धक्क्याने शृंगिका आणि उदर तुटतात, त्यामुळे स्क्रू वापरायला आग्रहाने सांगावे. पाठीच्या सांधी कागदी पट्टीने बंद कराव्यात.

चौकट बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगू नये आणि तिच्यामागे एक सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. प्रकाश मंद, ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) आसपास असावा. प्लेन टायगरचा नारिंगी, हळदीकुंकू फुलपाखराचा पिवळा-लाल हे रंगद्रव्यांचे रंग उन्हात विटतात. अतिनील किरणे अडवणाऱ्या काचेने ही झीज फक्त लांबणीवर पडते. मलबार बँडेड पीकॉकचा चमकता हिरवा खवल्यांच्या रचनेतून येतो आणि तो बराच टिकतो.

कायदा आणि नोंदचिठ्ठी : १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरे आहेत, २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, म्हणून जुन्या याद्यांवर विसंबू नये. या अनुसूचींतल्या प्रजातीचे फुलपाखरू मेलेले सापडले तरी ते घरी ठेवण्याची मुभा मिळत नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही. परदेशी बर्डविंग फुलपाखरांना साइट्सची (दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रे लागतात, मग ती पाळून वाढवलेली असली तरी. प्रत्येक नमुन्याला जाती, गाव-तालुका-जिल्हा, तारीख, मिळवणाऱ्याचे नाव आणि मिळण्याचा मार्ग लिहिलेली चिठ्ठी हवी. ती टाचणीखाली लावावी; टाचणी कापली असेल तर चौकटीच्या पाठीवर, न विटणाऱ्या शाईने लिहून चिकटवावी.