काडेपेटीवरचं शांघाय

जाड कागद कापून, दुमडून केलेली एक काडेपेटी. वर शांघायच्या 'स्टम्बलिंग टायगर' बारचं नाव. न्यूयॉर्कच्या हॉटेलात खून झालेल्या एका लेखकाच्या सामानात ती सापडते. हा एक गोष्टीचा खेळ आहे, आणि टेबलाभोवती खेळणारी मंडळी ती हातोहात फिरवतात, कुणी उघडून आत काही लिहिलंय का पाहतं, कुणी नाकालाही लावतं (कागदाला कसला वास येणार, पण लावतात). मग कुणीतरी विचारतंच, "शांघायला बोटीने किती दिवस लागतात?" हा प्रश्न आला की खेळ चालवणाऱ्याने निवांत चहाचा घोट घ्यावा. मासा गळाला लागलेला असतो.

ही काडेपेटी 1984 सालची. केऑसिअम या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' नावाचं एक भयसाहस, म्हणजे टेबलावर खेळायची भयकथा, खोक्यात घालून विकायला काढलं. मुख्य लेखक लॅरी डिटिलिओ, सोबत लिन विलिस. डिटिलिओ टीव्हीसाठी लिहिणारा. 'ही-मॅन' या कार्टून मालिकेचे भागही त्याने लिहिलेले. पाहणाऱ्याला पुढच्या भागापर्यंत लटकवून कसं ठेवायचं, हे त्याला धंद्यामुळेच ठाऊक होतं. आज कुणीही दूरदेशातलं भयसाहस लिहायला बसलं की या खोक्याची आठवण टाळता येत नाही. पण त्या खोक्यात काडेपेटीबरोबर आणखीही बरंच काही आलं, आणि ते निस्तरायला पुढची तीसेक वर्षं गेली.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात. 'मी दार हळूच ढकलतो' असं तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने हा खेळ दुकानात आणला. त्यात भुतंखेतं भरपूर होती, भीती मात्र नव्हती. भूत दिसलं की त्याला मारायचं, त्याची तिजोरी रिकामी करायची आणि पुढच्या खोलीत जायचं.

ट्रेसी हिकमन या लेखकाने पुढे सांगितलेली एक आठवण आहे. खेळता खेळता त्याच्या पात्रापुढे तळघरात एक व्हॅम्पायर येऊन ठाकला. आजूबाजूला बाकीचे राक्षस, आणि मध्येच हा. हिकमनला प्रश्न पडला, हा इथे करतोय काय? त्याने आणि त्याची बायको लॉरा हिने मग त्या व्हॅम्पायरला नाव दिलं, भूतकाळ दिला, किल्ला दिला आणि किल्ल्याभोवती एक अख्खा प्रदेश दिला. प्रकाशित होण्याआधी काही वर्षं दर हॅलोवीनला दोघं मित्रमंडळींबरोबर हे साहस खेळत. 1983 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापणाऱ्या टीएसआर कंपनीने ते 'रेव्हनलॉफ्ट' म्हणून छापलं, 32 पानांत.

त्यातला बारोव्हिया प्रांत नकाशावर शोधून सापडणार नाही. तो मैलांनी दूर नाही, परतीची वाट बंद आहे म्हणून दूर आहे. मूळ साहसात सीमेवरचं धुकं बाहेर पडू पाहणाऱ्याचा जीव घुसमटवतं. नंतरच्या रूपांत तेच धुकं माणसाला फिरवून फिरवून परत आत आणून सोडतं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, चकवा लागला म्हटलं की झालं. आणखी एक करामत होती. किल्ल्यात कुठली वस्तू कुठे आहे आणि खुद्द तो व्हॅम्पायर, काउंट स्ट्राड, कुठे गाठ पडेल, हे एक ज्योतिषीण खेळाच्या सुरुवातीला पत्त्यांवरून सांगते. पत्ते पिसले की किल्ला बदलला! आधी खेळून आलेल्याचीही डाळ शिजत नाही.

या सगळ्याचं आजोळ अर्थातच 'ड्रॅक्युला', 1897. ब्रॅम स्टोकरने ट्रान्सिल्व्हेनियात कधी पाऊल टाकलं नव्हतं. व्हिटबी या इंग्लिश बंदरगावातल्या वाचनालयात पुस्तकं चाळून त्याने टिपणं काढली होती. न पाहिलेला देश कागदावरून उभा करायचा ही रीत तेव्हापासूनची, आणि खेळ लिहिणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली.

दुसरी वाट 1981 ची. सँडी पीटरसनला खरं तर केऑसिअमच्याच 'रूनक्वेस्ट' या खेळासाठी भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टच्या स्वप्नभूमीवर पुरवणी लिहायची होती. कंपनीने त्याच्या हाती अख्खा नवा खेळ दिला, 'कॉल ऑफ क्थुलू'. त्यातली खरी शोधाची गोष्ट म्हणजे मनाच्या ताळ्यावरची गुणसंख्या. भयंकर काही दिसलं की 100 पर्यंतचा फासा टाकायचा. हुकला तर गुण कमी. एका दणक्यात पाच किंवा जास्त गेले की आणखी एक फासा, या वेळी बुद्धीचा. गंमत पाहा, हा फासा यशस्वी झाला तरच माणूस भ्रमिष्ट होतो, कारण समोर काय आहे ते त्याला नीट कळलेलं असतं. ज्याला कळलं नाही तो वाचला. खेळाच्या नियमात इतकी काळी विनोदबुद्धी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. जपानमध्ये हा खेळ 1986 मध्ये भाषांतरित झाला आणि तिथे तो इतका रुजला की 'सान' (सॅनिटी, म्हणजे मनाचा ताळा) गुण घटले ही म्हण खेळ न खेळणाऱ्यांच्याही तोंडी आहे.

लव्हक्राफ्टची ज्या कथेवरून खेळाला नाव मिळालं ती 1928 मध्ये 'वीअर्ड टेल्स' मासिकात आली. तिचा सांगाडा पाहण्यासारखा आहे. सांगणारा बराच वेळ कागदच वाचत असतो: मेलेल्या चुलत आजोबांची टिपणं, लुइझियानातल्या पोलीस निरीक्षकाची हकिगत, सिडनीच्या वर्तमानपत्राचं कात्रण. भीती टपालाने येते. डिटिलिओने याच खेळासाठी लिहिलेल्या 'मास्क्स'मध्ये हेच टेबलावर मांडलं. कात्रणं, पत्रं, व्हिजिटिंग कार्ड, आणि ती काडेपेटी. खेळ सुरू होतो जानेवारी 1925 मध्ये. केनियात नाहीशा झालेल्या एका अमेरिकन मोहिमेचा माग काढत न्यूयॉर्क, लंडन, कैरो, नैरोबी, शांघाय असं जायचं असतं.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने इथली कारागिरी शिकण्यासारखी आहे. न्यूयॉर्क सुटल्यावर पुढची गावं कुठल्याही क्रमाने घेता येतात, प्रत्येक गावात दुसऱ्या गावाचा धागा ठेवलेला आहे. मग गोष्ट विस्कटत का नाही? कारण घड्याळ एकच आहे: 14 जानेवारी 1926 चं खग्रास सूर्यग्रहण. हे ग्रहण लेखकाच्या मनातलं नाही, ते खरोखर झालं. सावली आफ्रिकेत उतरली, केनियावरून हिंदी महासागर ओलांडून सुमात्राकडे गेली. तिथे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून बसलेही होते. आपल्याकडे संक्रांतीच्या आगेमागे, तिकडे जगबुडी. इतक्या लांबची विमानसेवा नाही, त्यामुळे प्रत्येक चुकीच्या बोटीला कॅलेंडरातले आठवडे द्यावे लागतात. बोटींचं वेळापत्रक हा या खेळातला सगळ्यात क्रूर राक्षस आहे, असं मला नेहमी वाटत आलंय.

आता खोक्यातलं दुसरं सामान. कैरोत काळोखा पंथ, नैरोबीत काळोखा पंथ, शांघायमध्येही काळोखा पंथ. आणि त्यातले चाकू चालवणारे बहुतेक स्थानिक. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता हे त्याच्या पत्रांतून स्वच्छ दिसतं. त्याच्या भीतीचा एक भाग परकी माणसांचीच भीती होता, आणि तो भाग खेळात फारसा चाळण न लावता आला. डिटिलिओला याची अजिबात जाण नव्हती असं मात्र नाही. त्याच्या गोष्टीत मोहिमेच्या कत्तलीचा दोष नंदी जमातीच्या माथी मारून माणसं फासावर दिली जातात, आणि ते खरे गुन्हेगार नसतात. नंदींचं नाव तिथे येणं अचूक होतं. 1905 मध्ये त्यांचा नेता कोइतालेल अराप सामोई तहाच्या बोलणीला आला असता ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली होती. पण त्याच प्रकरणात नैरोबीतल्या एका दुष्ट हिंदी चहावाल्याचं नाव आहे तंदूर सिंग. पंजाबी माणसाचं नाव भट्टीवरून ठेवलंय, तेव्हा हस्तलिखित छपाईआधी कुणा भारतीयाच्या हाताखालून गेलं नसावं.

आपण दूरदेश झालो की काय होतं याचा याहून ठसठशीत नमुना 1977 चा आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे, चक्क 'राक्षस' नावाने. डेव्हिड ट्रॅम्पियरच्या चित्रात तो वाघाच्या तोंडाचा, ऐटीत बसून पाइप ओढणारा. मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की मरतो. रामायणात शोधून उपयोग नाही. 1974-75 च्या 'कोलचॅक' या अमेरिकन टीव्ही मालिकेत एक राक्षस होता आणि तो असाच बाणाने मरायचा, गायगॅक्सने तिथून घेतला. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या राक्षसाला हा पाइप कधी सुचला नसता. मला तो आवडतो, हेही कबूल करतो. पण अमेरिकेतल्या सोफ्यावर बसून पाहिलेला भारत म्हणजे काय, ते त्या एका चित्रात मावलंय.

दुरुस्त्या सावकाश झाल्या. बारोव्हियातले विस्तानी नावाचे भटके लोक म्हणजे रोमा (जिप्सी) लोकांबद्दलच्या जुन्या टोमण्यांची गोळाबेरीज होती. 'रेव्हनलॉफ्ट'च्या 2016 च्या नव्या रूपात, 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्येही, ते बरेचसे तसेच राहिले आणि 2020 मध्ये ते काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने ते बदलायचं जाहीर केलं. 'मास्क्स'ची 2018 ची आवृत्ती अधिक खोलात गेली. तिच्यात पेरूमधलं एक नवं प्रकरण सुरुवातीला जोडलंय, 1921 सालातलं. तिथे तो लेखक, जॅक्सन इलियस, जिवंत भेटतो. थट्टा करतो, खेळाडूंच्या बरोबरीने डोंगर चढतो. मग चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्याचं प्रेत दिसतं तेव्हा टेबल खरंच गप्प होतं. 1984 मध्ये ते प्रेत फक्त काडेपेटी ठेवायची जागा होती.

2020 मध्ये केऑसिअमने 'द चिल्ड्रन ऑफ फिअर' काढलं: 1923 पासून सुरू होऊन चीन, मध्य आशिया, उत्तर हिंदुस्थान आणि तिबेट असा प्रवास. इथे वाचणाऱ्याला दूरदेश म्हणून आपलाच देश भेटतो, आणि हे पुस्तक वाचताना मी प्रत्येक पानावर कान टवकारून बसलो होतो. पुन्हा तंदूर सिंग भेटला नाही.

आमच्या टेबलावर 'मास्क्स'चं नैरोबी मी दोनदा चालवलं. दुसऱ्या खेपेला सरकारी कचेरीत मी एक गोवेकर कारकून बसवला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतल्या कचेऱ्यांत गोव्याहून गेलेले कारकून होतेच, तेव्हा इतिहासाशी मारामारी नव्हती. नंदींच्या खटल्याची फाइल त्याच्या ड्रॉवरमध्ये. म्हापशाचं आजोळ असलेल्या एका मैत्रिणीने इतर कुणी लाच काढायच्या आत त्याला कोंकणीत विचारलं, "फायल पळोवंक मेळटली?" (फाइल पाहायला मिळेल?) फासे टाकायचं कुणाला सुचलंच नाही. कारकून हसला, तिच्या गावाची चौकशी केली, तिला खुर्ची दिली, आणि ड्रॉवरला कुलूप घातलं.