इम्प्लांट लहान करून घ्यायचंय? आधी जुनं कार्ड शोधा

स्तनातलं इम्प्लांट बदलून लहान बसवून घ्यायला पहिल्या भेटीला येणाऱ्या अनेकजणींचा नव्या इम्प्लांटचा आकडा ठरलेला असतो, पण सध्या आत काय आहे ते माहीत नसतं. ‘बहुतेक साडेतीनशे सीसीचं असावं’ एवढ्यावर शस्त्रक्रिया आखता येत नाही. मग जुन्या रुग्णालयात अर्ज, कागदांची वाट, पुन्हा भेट, यात तीन-चार आठवडे सहज जातात. हे पत्रक मुख्यतः ते आठवडे वाचावेत म्हणून आहे.

इम्प्लांट कार्ड साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढं असतं. त्यावर डाव्या आणि उजव्या बाजूचे स्टिकर असतात. स्टिकरवर कंपनीचं नाव, रेफरन्स क्रमांक, लॉट किंवा सिरियल क्रमांक आणि सीसीमध्ये माप छापलेलं असतं. दोन्ही स्टिकर वाचा. मुळात दोन्ही स्तन अगदी सारखे क्वचितच असतात, त्यामुळे दोन बाजूंना वेगवेगळ्या मापाची इम्प्लांट बसवलेली असू शकतात. एकाच बाजूचा आकडा धरून आखणी केली, तर झाकलेला फरक पुन्हा उघडा पडतो.

आम्हाला सीसीपेक्षा रेफरन्स क्रमांक जास्त उपयोगी पडतो. त्यावरून तळाची रुंदी, पुढचा उठाव, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, आकार गोल की थेंबासारखा, हे सगळं कळतं. १२ सेंटिमीटर रुंदीचं इम्प्लांट कमी, मध्यम आणि जास्त उठावात मिळतं, आणि त्यांच्या मापात १०० सीसीहून जास्त फरक पडू शकतो. म्हणजे रुंदी तीच ठेवून नुसता उठाव कमी केला तरी स्तन लहान होतो, आणि आतला कप्पा, म्हणजे इम्प्लांट जिथे बसतं ती पोकळी, तीही सैल पडत नाही. हा मार्ग जुनी रुंदी माहीत असेल तरच खुला असतो.

कार्ड सापडत नसेल तर डिस्चार्जची फाईल काढा. ऑपरेशन नोटवर अनेकदा तेच स्टिकर चिकटवलेले असतात. फाईलही नसेल तर ऑपरेशन जिथे झालं तिथल्या रेकॉर्ड विभागाला लेखी अर्ज करा आणि ‘ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत’ असे नेमके शब्द घाला. नुसतं ‘माझे कागद द्या’ म्हटलं की डिस्चार्ज समरी हातात येते, आणि तिच्यात ‘दोन्ही बाजूंना इम्प्लांट बसवले’ या ओळीपलीकडे बहुधा काही नसतं. अर्जाचा तयार मसुदा आमच्याकडे मिळतो, भेटीआधीच मागून घ्या.

ऑपरेशन नोट कार्ड असलं तरी हवीच. इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, आणि छेद स्तनाखालच्या घडीत, निप्पलच्या कडेला की काखेत, हे तिथेच लिहिलेलं असतं. काखेतून बसवलेलं इम्प्लांट बदलताना बहुधा घडीत नवा छेद घ्यावा लागतो, कारण काखेच्या वाटेने कप्पा नीट आवळता येत नाही. हा नवा व्रण येणार हे आधी माहीत असलेलं बरं. सलाईनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिशवीच्या इम्प्लांटमध्ये कार्डावरचा आकडा पिशवीचा असतो, प्रत्यक्ष किती भरलं ते नोटमध्ये असतं.

‘सोनोग्राफीत माप कळत नाही का?’ हा प्रश्न नेहमी येतो. सोनोग्राफी किंवा एमआरआयवर इम्प्लांट फाटलंय का, भोवती पाणी साठलंय का, स्नायूच्या कोणत्या बाजूला आहे, हे दिसतं. मापाचा मात्र अंदाजच मिळतो, आणि कंपनी-मॉडेल खात्रीने ओळखता येत नाही. कागद कुठेच मिळाला नाही तरी शस्त्रक्रिया अडत नाही. जुन्या इम्प्लांटच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा माप आणि खूण उठवलेली असते. नसली तर ते वजनकाट्यावर ठेवतो. सिलिकॉन जेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असल्याने ३५० सीसीचं इम्प्लांट साधारण ३४० ग्रॅम भरतं. मग दोन-तीन मापं तयार ठेवून तात्पुरता सायझर (माप बघायचा नमुना) आत घालून, टेबल अर्धवट बसतं करून बघावं लागतं. यात वेळ जातो, आणि शेवटचा निर्णय तुम्ही भुलेत असताना होतो. म्हणून आमचा आग्रह कागदांचा.

कागद महत्त्वाचे असण्याचं आणखी एक कारण आहे. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलेलं आढळलं आणि २०१० मध्ये ती बाजारातून काढली गेली. २०१९ मध्ये ॲलर्गनने बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली, कारण भोवतीच्या आवरणात होणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमाशी (एक प्रकारच्या कर्करोगाशी) त्यांचा संबंध दिसला होता. आपलं इम्प्लांट या यादीत आहे का, याचं उत्तर कार्डच देतं. यादीत असलं म्हणून लगेच काढायलाच हवं असं नाही. काही त्रास नसेल तर केवळ त्या कारणासाठी काढण्याची शिफारस अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेनेही केलेली नाही. पण बदलायचं ठरलंच असेल, तर आखणी वेगळी होते.

आता कप्प्याविषयी, कारण लहान इम्प्लांटचा खरा प्रश्न तिथे आहे. कोणत्याही इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. ते जुन्या मापाचं असतं. त्यात बरंच लहान आणि अरुंद इम्प्लांट नुसतं सोडलं, तर झोपल्यावर ते काखेकडे घसरतं, उभं राहिल्यावर खाली उतरतं, क्वचित उलटंही होतं. थेंबाच्या आकाराचं असेल तर फिरतं आणि स्तन वाकडा दिसतो. म्हणून कप्पा बाहेरच्या आणि खालच्या बाजूने आतून टाके घालून आवळतात. आवरण फार पातळ असेल तर टाके धरत नाहीत, मग नवा कप्पा करावा लागतो. ‘जुनं काढा, नवं ठेवा, अर्ध्या तासाचं काम’ असं कोणी सांगितलं असेल, तर कप्प्याचं काय करणार हे त्यांना जरूर विचारा. आमच्याकडे या शस्त्रक्रियेला दीड ते तीन तास धरतो, आणि त्यातला मोठा भाग कप्प्यावरच जातो.

दुसरा प्रश्न त्वचेचा. मोठ्या इम्प्लांटने ताणलेली त्वचा काही प्रमाणात आक्रसते, पूर्ण नाही. निप्पल स्तनाखालच्या घडीच्या पातळीला किंवा तिच्याखाली असेल, तर लहान इम्प्लांटने ओघळलेपण वाढून दिसतं आणि लिफ्टची, म्हणजे स्तन वर उचलून घेण्याच्या शस्त्रक्रियेची गरज पडते. कधी दोन्ही एकाच वेळी करतो. कधी आधी इम्प्लांट बदलून, तीन ते सहा महिने थांबून मग लिफ्टचं ठरवतो. त्वचा फारच पातळ असेल किंवा निप्पलचा रक्तपुरवठा जुन्या छेदांमुळे धोक्यात असेल, तर दोन टप्पेच बरे. हे उभं राहूनच मोजता येतं, फोटोवरून नाही. वरच्या भागात चिमटीत धरलेल्या त्वचेची जाडी २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या दिसू नयेत म्हणून ते स्नायूखाली ठेवण्याकडे आमचा कल असतो.

किती लहान करायचं? कपाच्या अक्षरात सांगू नका. ‘सी’ कप प्रत्येक ब्रँडचा वेगळा, आणि ३२ च्या पट्ट्यावरचा सी ३८ च्या पट्ट्यावरच्या सीपेक्षा बराच लहान. काय खुपतं ते सांगा: पाठीवर येणारा भार, धावताना होणारा त्रास, कपड्यांचं माप, वरचा गोल फुगवटा. ३०-४० सीसी कमी केल्याने सहसा डोळ्याला फरक जाणवत नाही, आणि तेवढ्यासाठी भूल, छेद आणि महिनाभराची काळजी स्वीकारू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. मोठं करताना पिशवी भरून ब्रामध्ये ठेवून बघायची युक्ती चालते, कमी करताना तिचा काही उपयोग नाही. तुमचा जुना, पहिल्या ऑपरेशनआधीचा फोटो असेल तर तो आणा. मूळचा स्तन किती होता हे त्यावरून कळतं. फक्त एक लक्षात असू द्या, मोठ्या इम्प्लांटच्या दाबाने मूळचा ऊतक काळानुसार पातळ झालेला असू शकतो.

‘सलाईनचं इम्प्लांट आहे, थोडं पाणी काढून द्या’ अशीही विनंती येते. पिशवीला ठरलेली किमान मर्यादा असते. त्याखाली भरली तर तिला घड्या पडतात, घडीच्या जागी पिशवी झिजते आणि गळू लागते. जेलच्या इम्प्लांटमधून तर काहीच काढता येत नाही.

काहीजणी ‘संपूर्ण कॅप्सूल अखंड काढा’ असं लिहून आणतात. लिम्फोमाचा संशय असेल तर तेच योग्य आहे. एरवी पातळ, मऊ कॅप्सूल सरसकट काढत नाही. स्नायूखालच्या कप्प्यात ती बरगड्यांना चिकटलेली असते आणि ती ओढून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. जाड, कडक किंवा गाठाळ भाग काढतो आणि तपासणीला पाठवतो.

तारीख आणि खर्च फोनवर सांगत नाही म्हणून काहीजणी नाराज होतात. टाके घालून आवळायचं की नवा कप्पा, लिफ्ट हवी की नको, हे ठरल्याशिवाय सांगितलेला आकडा पुढे बदलतोच, आणि तो बदललेला कोणालाच आवडत नाही. कागद आणि मोजमाप हातात आलं की लेखी अंदाज देतो.

पहिल्या ऑपरेशनला किमान सहा महिने झालेले असावेत, नाहीतर सूजच मोजली जाते. स्तनपान बंद करून तीन ते सहा महिने, वजन स्थिर, धूम्रपान चार आठवडे आधी आणि नंतर पूर्ण बंद. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, आम्हाला सांगा. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे सपोर्ट ब्रा, तोवर जड उचलणं नाही. आवळलेल्या कप्प्याचे टाके निसटण्याची भीती याच काळात असते, म्हणून ही अट सैल होत नाही. आकार बसायला तीन ते सहा महिने लागतात. नव्या जोडीचं कार्ड आम्ही दोन प्रतींत देतो आणि ऑपरेशन नोट न मागता हातात ठेवतो.

एकाच बाजूला अचानक सूज आली, गाठ लागली, स्तन कडक झाला किंवा आकार बदलला, तर कार्ड शोधत बसू नका. तशाच या.