पट्टी बदलली, बायका सापडल्या

छातीत दुखतंय म्हणून कुणाला इस्पितळात नेलं की ईसीजीच्या पाठोपाठ रक्त काढतात, ते ट्रोपोनिन बघायला. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. रक्तपुरवठा तुटून पेशी मरायला लागल्या की ते रक्तात झिरपतं. पण किती झिरपलं म्हणजे हार्ट अटॅक म्हणायचा? त्यासाठी निरोगी माणसांचं ट्रोपोनिन मोजतात आणि शंभरातले नव्व्याण्णव जण ज्याच्या आत बसतील, तो आकडा मर्यादा धरतात.

गोम इथेच आहे. बाईचं हृदय सरासरीने लहान, त्यामुळे तिच्या रक्तातलं ट्रोपोनिन मुळातच कमी. दोघांना एकच पट्टी लावली की बाई त्या पट्टीखालून निसटते.

एडिंबरातल्या डॉक्टरांनी २०१५ साली हे आकड्यांत दाखवलं. जुन्या चाचणीत सगळ्यांना लिटरमागे ५० नॅनोग्रॅमची मर्यादा होती. नव्या, जास्त संवेदनशील चाचणीत त्यांनी पुरुषांना ३४ आणि बायकांना १६ अशी वेगळी मर्यादा ठेवली. (हे आकडे त्या एका किटचे. आपल्या लॅबचं किट वेगळं असेल तर मर्यादाही वेगळी, तेव्हा घरचा रिपोर्ट काढून ताडत बसू नका.) पुरुषांमधलं निदान १९ टक्क्यांवरून २१ वर गेलं, म्हणजे जवळपास होतं तिथेच. बायकांमधलं ११ वरून थेट २२ वर! सापडणाऱ्या प्रत्येकीमागे एक सुटत होती. आणि सुटलेल्यांचा आजार किरकोळ नव्हता. वर्षभरात त्यांच्यातल्या साधारण चौघींपैकी एकीला पुन्हा झटका तरी आला, नाहीतर ती दगावली. जुन्या चाचणीत सापडलेल्यांचं प्रमाणही तेवढंच होतं.

मग स्कॉटलंडमधल्या १० इस्पितळांत ४८ हजारांहून जास्त रुग्णांवर हा प्रयोग झाला. हृदयाला इजा झालेल्या बायका ४२ टक्क्यांनी जास्त सापडल्या, पुरुष फक्त ६ टक्क्यांनी. इथवर ठीक. पण अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली ती इजा झालेल्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांची, बायकांपैकी १५ टक्क्यांची. काही बायकांत इजा गुठळीमुळे नसते, अ‍ॅनिमियाने किंवा फार जोरात धडधडल्याने हृदयावर ताण येऊन होते, तिथे स्टेंटचा उपयोग नाही, हे खरं. पण कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनसारख्या साध्या गोळ्याही बायकांना कमीच लिहून दिल्या गेल्या. वर्षभरानंतर पाहिलं तर बायकांच्या तब्येतीत फरक पडलेला नव्हता.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: बायकांची लक्षणंच वेगळी, छातीत दुखतच नाही, मग डॉक्टर तरी काय करणार? मलाही ते बरेच दिवस पटत होतं. एडिंबरातच तेही तपासलं गेलं. हार्ट अटॅक आलेल्या स्त्रिया आणि पुरुष, दोघांतही ९३ टक्के जणांनी छातीत दुखत असल्याचं सांगितलं होतं.