कड्यावरची उडी आणि खालचं पाणी

मराठीत कडा म्हटलं की आधी आठवतो तो कडेलोट. रायगडाचं टकमक टोक आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे ते शिक्षेची जागा म्हणून. हवाई बेटांवर मात्र कड्यावरून समुद्रात झेपावणं मानाचं होतं. तिथल्या भाषेत त्याला ‘लेले कावा’ म्हणतात. पाय खाली ठेवून, कमीत कमी पाणी उडवत आत शिरायचं. 1770 च्या सुमारास माउईचा राजा काहेकिली याने लानाई बेटावर काउनोलू इथे सुमारे 19 मीटरवरून अशी उडी घेतली आणि निष्ठा पारखायला आपल्या योद्ध्यांनाही घ्यायला लावली, असं तिथली परंपरा सांगते. त्या कड्याच्या पायथ्याशी खडकाचा कट्टा पुढे आलेला आहे. सरळ खाली पडणारा माणूस कट्ट्यावरच आपटणार, म्हणून झेप बाहेर घ्यावी लागते. ही अक्कल तिथे राहणाऱ्यालाच असते.

बोस्नियातल्या मोस्तार शहराची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कारण तिथे ही अक्कल एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते ते अजून पाहता येतं. नेरेत्वा नदीवरचा दगडी कमानीचा जुना पूल 1566 साली पूर्ण झाला. त्यावरून उड्या मारल्याची नोंद 1664 पासून मिळते आणि 1968 पासून तिथे रीतसर स्पर्धा भरते. युद्धात, 9 नोव्हेंबर 1993 रोजी, तोफगोळ्यांनी हा पूल पाडला गेला. 2004 मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि उड्याही परत सुरू झाल्या. पुलाची उंची वीस मीटरहून जास्त, आणि नदीला पाणी किती आहे त्याप्रमाणे ती कमीजास्त होते. नेरेत्वा ऐन उन्हाळ्यातही गार असते. उन्हात तापलेलं अंग अशा पाण्यात गेलं की माणूस स्वतःच्या नकळत मोठा श्वास ओढतो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर बुडायला तेवढं पुरतं. म्हणून तिथली मुरलेली मंडळी उडीआधी अंगावर गार पाणी घेतात. बाहेरून आलेल्या हौशी माणसाला थेट पुलावर चढू देत नाहीत. आधी कमी उंचीवरून उड्या मारून दाखवायच्या, मग पूल.

मेक्सिकोतल्या अकापुल्कोच्या ‘ला केब्राडा’ कड्यावर 1934 पासून उड्यांचे खेळ होतात. उंची सुमारे 35 मीटर. खालची घळ अरुंद, आणि लाट आत आली की पाणी चढतं, ओसरली की उतरतं. तिथले लोक डोक्यावर सूर मारतात. खाली पोचायला पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात, म्हणून लाट घळीत भरायच्या आधीच कडा सोडावा लागतो. लाट भरलेली दिसल्यावर निघालेला माणूस उतरत्या पाण्यात पडेल. ज्याने वर्षानुवर्षं त्या एकाच घळीकडे पाहिलंय त्यालाच हा हिशोब जमतो.

हवेचा विरोध बाजूला ठेवला तर 5 मीटरवरून पाण्याला टेकताना वेग ताशी 36 किलोमीटर असतो, 10 मीटरवरून 50, 20 मीटरवरून 71 आणि 27 मीटरवरून 83. पाणी हा वेग काही मीटरांत संपवतं. अंग आडवं पडलं तर फुप्फुसं आणि पाठीचे मणके मार खातात. पण सगळ्यात वाईट दुखापतीला एवढी उंची लागतच नाही. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारला की कवटी तळाला थांबते, मागून सगळ्या शरीराचं वजन मानेवर येतं, मानेतला पाचवा-सहावा मणका चिरडतो आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. कमरेएवढ्या पाण्यातही हे घडतं.

खेळ म्हणून याची घडी बसली ती अलीकडे. 2009 मध्ये रेड बुलची जागतिक मालिका सुरू झाली आणि 2013 मध्ये बार्सिलोनाच्या जागतिक जलक्रीडा स्पर्धेत पुरुषांसाठी 27 आणि महिलांसाठी 20 मीटरच्या उड्या आल्या. या उंचीवरून पाण्यात पायांवरच शिरतात. खोली आधी मोजलेली असते, खाली पाणबुडे थांबलेले असतात आणि वरून पाण्याची पातळी नीट दिसावी म्हणून पृष्ठभाग मुद्दाम हलता ठेवतात. प्रेक्षकाला दिसते ती फक्त उडी. ऑगस्ट 2015 मध्ये लासो शालर याने स्वित्झर्लंडमधल्या माज्जा इथे 58.8 मीटरवरून उडी मारली. ती चित्रफीत जगभर फिरली, त्याचा खुबा दुखावला ही गोष्ट त्यामानाने मागे राहिली.

ब्रिटनमध्ये धक्क्यांवरून आणि कड्यांवरून पोरांनी मारलेल्या उड्यांना ‘टूम्बस्टोनिंग’ म्हणतात, कारण ताठ पडणारं शरीर थडग्याच्या दगडासारखं दिसतं. भरतीला खोल असलेली जागा ओहोटीला गुडघाभर होते, आणि कालची जागा आजही तशीच असेल या भरवशावर अपघात होतात. याच देशात, वेल्सच्या पेंब्रोकशायर किनाऱ्यावर, 1980 च्या दशकात ‘कोस्टिअरिंग’, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून चढत, पोहत, उड्या मारत जाणं, रुजलं. त्यात डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात तरंगतं जाकीट असतं, आणि प्रत्येक उडीआधी वाटाड्या खालचं पाणी तपासतो.

आपल्याकडे ही विद्या विहिरीवर होती. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेलं पोर आधी पायरीवरून, मग काठावरून आणि शेवटी मोटवणावरून, म्हणजे मोट ओढायच्या जागेवरून, मुटका मारायचं. कपार कुठल्या अंगाला आहे, यंदा पाणी कितीवर आहे, हे काठावर बसलेलं कुणीतरी मोठं माणूस सांगायचं. सह्याद्रीतल्या धबधब्याखालच्या डोहाशी असं कुणी बसलेलं नसतं. कातळात रांजणखळगे असतात, काठ आतून पोखरलेला असतो. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला नेहमीसारखं तोलून धरत नाही. वर घाटात सर कोसळली की काही मिनिटांत ओढा बदलतो. जून 2024 च्या अखेरीस ताम्हिणी घाटात एकाने अशाच पाण्यात उडी मारली. तो काठाला पोचला होता, खडक हाताला लागला होता, पण ओढीने त्याला सोडवून नेलं. सोबतचे लोक फोनवर चित्रण करत होते.