काढायचं काय, कण की डोळा?

6 डिसेंबर 1917. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेलं ‘माँ ब्लाँ’ जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन पेटलं. आग बघायला घरोघरी लोक खिडक्यांशी उभे राहिले. नऊच्या सुमारास स्फोट झाला आणि फुटलेल्या काचा थेट चेहऱ्यांवर आल्या. पुढच्या दिवसांत 12 नेत्रतज्ज्ञांनी 592 जणांवर उपचार केले. 249 डोळे काढावे लागले. 16 जणांचे तर दोन्ही.

आकडा अंगावर येतो. पण हा हलगर्जीपणा नव्हता, धास्ती होती. एक डोळा खोल फाटला की कधीकधी काही आठवड्यांनी धडधाकट डोळाही सुजून निकामी होतो. लुई ब्रेल यांच्या एकाच डोळ्यात वडिलांची आरी लागली होती, दृष्टी मात्र दोन्ही डोळ्यांची गेली. सूज आवरणारी स्टेरॉइड्स 1917 मध्ये नव्हती. म्हणून चांगला डोळा वाचवायला फुटलेला काढत.

मग नुसती काच का नाही काढली? कारण आत शिरलेला कण काढायचं हुकमी साधन तोवर एकच होतं: लोहचुंबक. सतराव्या शतकात शल्यवैद्य फाब्री यांच्या पत्नी मारी कोलिने यांना डोळ्यातली लोखंडी कपची चुंबकाने ओढायची युक्ती सुचली. (फाब्रींनी तसं लिहून ठेवलं, त्या काळात हेही थोडं नव्हे.) 1879 मध्ये बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ हिर्शबर्ग यांनी विद्युतचुंबक वापरला. 1895 नंतर क्ष-किरणांनी कण दिसूही लागला. पण काच, दगड, तांबं चुंबकाला दाद देत नाहीत.

वाट उघडली 1970च्या सुमारास. डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या जेलीसारख्या काचाभ द्रवाला हात लावायचा नाही, असा तोवरचा दंडक. मायामीत नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट माखेमर यांनी तो मोडला. बारीक छिद्रातून हा द्रव कापत, शोषत बाहेर घ्यायचा, जागी सलाइनसारखं द्रावण सोडायचं. ही विट्रेक्टोमी. आता चिमट्याने कुठलाही कण धरता येऊ लागला. 2016 मध्ये मुंबईचे डॉ. एस. नटराजन यांनी श्रीनगरला जाऊन छर्र्यांनी जखमी झालेल्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या, त्या याच पद्धतीच्या.

दिवाळीत सुतळी बॉम्बने उडवलेली खडी डोळ्यात घुसते, तीही चुंबकाला लागत नाही. अशा वेळी आधी फाटलेला डोळा शिवतात. गरज पडली तर आतल्या खड्याची शस्त्रक्रिया नंतर.