बेटावर राहायला गेल्यास आयर्लंड खरोखर पैसे देते काय?

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत मोबाईलवर अजूनही एक निरोप फिरतो, की आयर्लंडच्या किनाऱ्याजवळील शांत बेटावर जाऊन राहणाऱ्याला तेथील सरकार ८४ हजार युरो, म्हणजे २०२३ च्या दराने सुमारे पाऊण कोटी रुपये, देते. नापिकीने गांजलेल्या माणसाला त्याचा मोह पडावा, यात नवल नाही.

बेटांवरील वस्ती टिकावी म्हणून आयर्लंडने जून २०२३ मध्ये दहा वर्षांचे धोरण जाहीर केले, एवढे खरे आहे. मात्र ही रक्कम स्थलांतराचे बक्षीस नसून घरदुरुस्तीचे अनुदान आहे. त्यासाठी घर २००८ पूर्वी बांधलेले, किमान दोन वर्षे रिकामे आणि अर्जदाराच्या मालकीचे असावे लागते. शिवाय नुसत्या रिकाम्या घराला कमाल ६० हजार युरोच मिळतात, ८४ हजारांची मर्यादा पार मोडकळीस आलेल्या घरासाठी आहे. आपल्याकडे घरकुलाचा पहिला हप्ता काम उभे राहण्याआधी खात्यात येतो. तेथे मूळ योजनेत दुरुस्ती पूर्ण होऊन तपासणी झाल्यावरच पैसे देण्याची अट होती. पाच वर्षांच्या आत घर विकल्यास संपूर्ण अनुदान परत करावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या अनुदानातून व्हिसा किंवा वास्तव्याचा हक्क मिळत नाही. भारतीय नागरिकाला तो स्वतंत्रपणे मिळवावा लागतो, आणि बेटावर घर विकत घेतल्यानेही तो मिळत नाही. त्यामुळे ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये.